अर्धा सूत जास्त

माझी आई गावात सगळ्यांना सांगते की आमचा बालाजी तिकडं मुंबईला पंखे दुरुस्त करतो. आमचं गाव देगलूरच्या पुढे, तिथून उल्हासनगर म्हणजेही मुंबईच. त्यामुळे मी सुट्टीला गेलो की ओसरीवर दोन-तीन छताचे पंखे आणि एखादा कूलर माझी वाट बघत पडलेले असतात. "अगं माय, मी बघतो ते पंखे वेगळे," असं मी पंधरा वर्षं सांगतोय. ती म्हणते, "पंखा तो पंखा. फिरला पाहिजे आन् बोंबलला नाही पाहिजे." माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला अजून कुणाला जमलेलं नाही.

मी ग्राफिक्स कार्डं दुरुस्त करतो. कॉम्प्युटरच्या डब्यात पडद्यावरचं चित्र तयार करणारा जो वेगळा, वजनदार भाग असतो, तो म्हणजे हे कार्ड. गेम खेळणारे, व्हिडिओ जोडणारे, न बांधलेल्या घरांची हुबेहूब चित्रं काढणारे, या सगळ्यांचं त्याच्यावाचून अडतं. कार्डाच्या मधोमध अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठी चिप असते, तिच्याभोवती मेमरीच्या छोट्या चिपा. काम वाढलं की या सगळ्या तापतात. ती उष्णता ओढून घ्यायला वर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा गठ्ठा बसवलेला असतो, त्याला आम्ही सिंक म्हणतो, आणि सिंकवर पंखे. मधली चिप उंच, ती सिंकला टेकते. दोघांत फक्त पेस्टचा पातळ थर. मेमरीच्या चिपा बुटक्या, त्या सिंकपर्यंत पोचत नाहीत, म्हणून त्या फटीत मऊ पट्ट्या लावतात. त्यांना पॅड म्हणतात. चिप जितकी तापेल तितके पंखे जोरात फिरतात. एवढंच हे शास्त्र आहे. पण पंख्याच्या आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी "गरम किती होतं?" असं विचारलं की तो चिडतो. "मी आवाजाचं बोलतोय, तुम्ही गरमचं काय विचारताय?"

गिऱ्हाइकांनी मला रडवलंय. एका काकूंनी मुलाच्या कॉम्प्युटरला जाड सुती कापडाचं कव्हर शिवलं होतं, कडेला लेस लावून. चालू कॉम्प्युटरवर ते दिवसभर घातलेलं. मी म्हटलं, काकू, याला श्वास कुठून मिळणार? त्या म्हणाल्या, "असं कसं, बटणाला काज केलंय बघा." खरंच केलं होतं. हाताने, गोलाकार, सुंदर. मोरिवलीच्या एका पाटलांच्या ऑफिसात कॉम्प्युटर बरोब्बर देव्हाऱ्याखाली होता. आत उदबत्तीची राख आणि तेलाचा असा थर, की पंख्याची पाती खरवडून काढावी लागली. पाटील म्हणत होते, "बाला, यो काय आवाज करतंय रं, इमान उरतंय जसा!" मी म्हटलं, पाटील, विमान उतरवायचं तर कॉम्प्युटर तिकडच्या टेबलावर ठेवा. ते म्हणाले, "देवाखाली हाय म्हणून तर एवढं दिवस टिकला."

यांच्यापुढे कपाळावर हात मारण्यापलीकडे मी काय करणार! आणि माझी सांगायची हिंमत होते कुठे? नववीच्या सहामाहीनंतर मी शाळेत गेलो नाही. समोरच्याने "तुमचं शिक्षण किती?" असं विचारलं की माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर गळून पडतो. म्हणून गिऱ्हाइकाच्या घरी मी फार वाद घालत नाही. मान हलवतो आणि काम करतो.

मला हा प्रश्न कधीच न विचारलेला माणूस म्हणजे आमचे सिंधी मालक, वासूशेठ. सोळाव्या वर्षी मी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात हेल्पर म्हणून लागलो. वासूशेठचं तिथल्याच कॅम्प एक भागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, तिथे आम्ही कप्पे बसवायला गेलो होतो. बारीक स्क्रू लावताना माझा हात हलत नाही, हे त्यांनी पाहिलं. "साईं, लकडी छोड दे," म्हणाले. "इकडे बस माझ्याजवळ." मी बसलो तो आजपर्यंत. बदलापूरची माझी खोली, बहिणीचं लग्न, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. म्हणून वासूशेठ ओरडले तरी मला राग येत नाही. भीती मात्र वाटते, अजून वाटते.

लाकूड सुटलं, पण लाकडाची भाषा सुटली नाही. फर्निचरवाले बारीक माप सुतात घेतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. मी पॅडच्या पाकिटांवरसुद्धा बॉलपेनने तसंच लिहून ठेवलं होतं. एक मिलिमीटरचं पाकीट म्हणजे अंदाजे 'पाव सूत', दीड मिलिमीटरचं म्हणजे 'अर्धा सूत'. वासूशेठच्या वडिलांची लाकडाची वखार होती, त्यामुळे त्यांनाही तीच भाषा कळायची. आमचं दुकान सुतात सुखाने चाललं होतं.

मग गौरीताई आल्या. अंबरनाथ पूर्वेला राहतात. घरी बसून बिल्डरांसाठी फ्लॅटची आतली चित्रं बनवतात: सोफा कुठे, ऊन कुठून येणार, पडदे कसे. एक चित्र तयार व्हायला तास-तास लागतो, आणि तेवढा वेळ कार्ड नुसतं भट्टीसारखं तापलेलं. त्यांनी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "थंड-गरम मला कळत नाही. मला याचा आवाज कमी करून हवाय. पप्पांची हाक ऐकू येत नाही."

त्यांचे वडील सबनीस साहेब. अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात तीस वर्षं काढली. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात लुळा पडला आणि वाचाही गेली. आता कुठे एक-एक शब्द परत येत होता, तोही कुजबुजल्यासारखा. घरात दोघंच. हॉलमध्ये एका बाजूला ताईंचं टेबल, दुसऱ्या बाजूला साहेबांची खुर्ची.

"बेल का नाही देत त्यांच्या हातात?" मी विचारलं.

"बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी सक्त मनाई केलीय. बेल दिली तर ते बोलायचा प्रयत्नच सोडतील म्हणाल्या. हाक मारू दे, आणि प्रत्येक हाकेला ओ द्या. नाही दिलीत तर हा माणूस गप्प होईल तो कायमचा." मग कार्डाकडे बघत म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात बाथरूमच्या दारात पडले. चार वेळा हाक मारली म्हणे. मी सहा फुटांवर होते. तेव्हापासून हाक मारणं कमीच केलंय त्यांनी."

अशी तक्रार माझ्याकडे पहिल्यांदाच आली होती. मी कार्ड मन लावून उघडलं. पेस्ट वाळून खपली झालेली, ती साफ केली, नवी लावली. जुने पॅड दबून तेलकट झाले होते. मी ते चिमटीत धरून पाहिले. वाटलं, आता दबलेत म्हणजे मुळात जाड असणार. आणि फर्निचरमध्ये माझ्या हाताला एकच शिकवण होती: फट राहता कामा नये. पट्टी जराशी जाड घ्यायची, स्क्रू आवळला की बसते घट्ट. मी 'अर्धा सूत' लावला, स्क्रू आवळले. दुकानात तपासायची आमची पद्धत म्हणजे पडद्यावर चित्र आलं, पंखा फिरला, माल ओके. चित्र आलं, पंखाही हळू फिरला. मी अभिमानाने कार्ड दिलं.

दुसऱ्या दिवशी फोन. आवाज पहिल्यापेक्षा जास्त.

मी गेलो. कार्डाचं तापमान नव्वदच्या वर, आणि पंखे असे किंचाळत होते की मला ताईंचं बोलणं ऐकायला वाकावं लागत होतं. मी इकडे-तिकडे पाहिलं आणि मला गुन्हेगार सापडला. डबा सागवानी युनिटच्या एका कप्प्यात कोंबलेला होता, मागे हवा जायला जागा नाही. मी ताईंना ठासून सांगितलं, "कार्ड बरोबर आहे हो, तुमचं युनिट चूक आहे." निम्मी बरोबर गोष्ट फार धोक्याची असते. माणूस पुढचं शोधतच नाही.

लाकडाचं काम म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. परत जाऊन बाजारातून होल कटर आणला आणि युनिटच्या पाठीला चार इंचांचं भोक पाडायला घेतलं. खुर्चीतून साहेबांचे ओठ हलत होते. कटर थांबवला तरी पंख्यांच्या आवाजात काही कळेना. ताई त्यांच्या तोंडाजवळ कान घेऊन गेल्या.

"काय पप्पा? मोजे? मोजे हवेत?"

साहेबांनी मान जोरजोरात हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांच्या मानेवरून तेव्हा सांगता येत नसे. ताईंनी कपाटातून लोकरी मोजे काढले आणि दोन्ही पायांत चढवले. मे महिना होता. साहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, युनिटचं वाईट वाटत असेल. मी म्हटलं, "काका, काळजी नका करू, फिनिशिंग करून देतो."

भोक पाडून तापमान तीन डिग्री उतरलं. आवाज तसाच.

दोन दिवसांनी वासूशेठनी फोन माझ्यापुढे आपटला. "बाला, बाई का फोन फिर आया! दुसऱ्यांदा! मला चरियो समजतोस काय?" चरियो म्हणजे वेडा. इतकी वर्षं झाली, मला सिंधी शिव्या व्यवस्थित समजतात. "तिकडे अलमारीत खड्डा करून आलास म्हणे. तुला कार्ड बनवायला पाठवलं की सुतारकाम करायला? आज ठीक करूनच ये."

ते रागाने बोलले, पण मी 'सुतारकाम' या शब्दावरच अडकलो. मला वाटलं, आता हे मला परत लाकडाकडे पाठवणार. स्कूटरवरून अंबरनाथला जाईपर्यंत मी गावाकडच्या ओसरीवर पंखे दुरुस्त करत बसलोय, इथपर्यंत विचार पोचला होता.

घरात शिरलो तर ताईंचं काम चालू होतं आणि पंखे ओरडत होते. "हे चित्र संपू दे, दहा मिनिटं," असं ताई जवळजवळ ओरडूनच म्हणाल्या. मी जमिनीवर हत्यारं मांडली, पॅडची पाकिटं काढली. साहेबांचे ओठ पुन्हा हलायला लागले. ताईंनी न उठता हात लांब करून मोज्यांची घडी त्यांच्या मांडीवर ठेवली. "घ्या पप्पा, मोजे."

साहेबांनी डाव्या हाताने एक मोजा उचलला आणि फेकला. तो माझ्या पाठीवर बसला.

"पप्पा!" ताई उठल्या. त्या चिडल्या होत्या, दमल्याही होत्या. त्यांनी कॉम्प्युटर बंदच करून टाकला.

पंखे थांबले. त्या घरात किती शांतता आहे, हे मला पहिल्यांदा कळलं. स्वयंपाकघरातला फ्रीज ऐकू येत होता. आणि त्या शांततेत साहेब अगदी स्पष्ट म्हणाले, "मोज."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं बोट माझ्या पाकिटांकडे होतं, बॉलपेनने लिहिलेल्या 'अर्धा सूत' या अक्षरांकडे.

"मोज," ते पुन्हा म्हणाले. मग घशातून जोर लावून, एकेक अक्षर ओढून आणल्यासारखं, "गा… ढ… वा."

आता यावर माणसाने काय करावं? मी मान खाली घातली. पण गौरीताई टाळ्या पिटायला लागल्या. "पप्पा! नवीन शब्द! बालाजी, ऐकलंत? महिन्याभरात एकही नवा शब्द आला नव्हता! पप्पा, परत म्हणा!"

साहेबांनी परत म्हटलं. मनापासून म्हटलं. तिसऱ्यांदा तर अडखळलेही नाहीत. माझ्या शिव्या खाण्याने कुणाला इतका आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

हसू ओसरल्यावर ताई मोज्याकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. "म्हणजे त्या दिवशीपासून हेच सांगत होतात?" साहेबांनी डोळे मिटून उघडले. ती खूण होकाराची, हे ताईंना ठाऊक होतं.

साहेबांनी कपाटाच्या खणाकडे बोट दाखवलं. लाकडी पेटीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर कॅलिपर होता. दोन जबड्यांत वस्तू धरून बारीक जाडी मोजायचं ते स्टीलचं हत्यार. मी कार्ड उघडलं, माझे पॅड काढले. खरी फट किती, ते मोजायचं कसं? कॅलिपर त्या फटीत जात नाही. साहेब म्हणाले, "क… णीक."

ताई आत गेल्या आणि पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेचा गोळा घेऊन आल्या. दुधाच्या धुतलेल्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये मी कणकेचे वाटाण्याएवढे तुकडे गुंडाळले, मेमरीच्या चिपांवर ठेवले, वरून सिंक बसवून स्क्रू आवळले, पुन्हा उघडलं. कणीक जितकी चपटी झाली तितकी फट. एवढं सोपं. मी पंधरा वर्षं चिमटीने अंदाज करत होतो.

चपटा तुकडा मी जबड्यांत धरला आणि तिथेच अडकलो. व्हर्नियरवर दोन पट्ट्या असतात, रेघांवर रेघा. मला ते वाचता येत नव्हतं. काट्याचं घड्याळ न येणाऱ्या पोरासारखा मी नुसता बघत राहिलो.

"शि… क्षण?" साहेबांनी विचारलं.

झालं! जो प्रश्न मी आयुष्यभर टाळला, तो विचारायला या माणसाने गेलेल्या वाचेतून शब्द खणून काढला. मी म्हटलं, "नववी. तीही अर्धी."

त्यांनी मला डाव्या हाताने जवळ बोलावलं. त्यांच्या खुर्चीजवळ मी जमिनीवर बसलो. त्यांनी नखाने मोठ्या पट्टीवरची रेघ दाखवली. "आधी… ही." मग छोट्या पट्टीवरून नख हळूहळू सरकवत नेलं. "जुळली… ती." दोन्ही पट्ट्यांवरच्या रेघांपैकी एकच जोडी तंतोतंत एका ओळीत येते, ती शोधायची. मी शोधत होतो, ते थांबून राहिले. इतक्या संथपणे मला कुणीच कधी शिकवलं नव्हतं. त्यांना घाई करताच येत नव्हती, हे माझं नशीब.

"एक पॉइंट एक," मी म्हटलं.

"प्ला… स्टिक… वजा."

दोन्ही बाजूंचं प्लास्टिक वजा करून उरला एक मिलिमीटर. माझ्या भाषेत पाव सूत. मी दीडचा पॅड कोंबला होता, तोही रबरासारखा कडक. त्याने अख्खा सिंक उचलून धरला होता आणि मधली चिप सिंकला धड टेकतच नव्हती. लाकडात जे घट्ट बसतं तेच इथे अधांतरी राहतं. माझी सगळी हुशारी त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये सापडली होती.

पाव सुताचे पॅड लावले. नवी पेस्ट. मग सेटिंगमध्ये जाऊन कार्डाला मिळणारं व्होल्टेज थोडं उतरवलं. त्यानेही कार्ड कमी तापतं आणि कामात फरक कळत नाही. ताईंनी अर्धवट राहिलेलं चित्र पुन्हा लावलं. आम्ही तिघंही पंख्यांकडे कान लावून बसलो. सत्तरच्या खाली तापमान स्थिर झालं. पंखे बंद नव्हते, ते कधीच बंद नसतात. पण आता ती नुसती झुळूक होती, फ्रीजच्याही खालच्या पट्टीतली.

"जा," साहेब ताईंना म्हणाले. ताई टेबलाशी गेल्या, पाठ करून बसल्या. साहेबांनी श्वास घेतला आणि नेहमीच्या कुजबुजीत म्हणाले, "गौ… री."

"ओ, पप्पा," ताई म्हणाल्या. मागे वळल्या नाहीत. डोळे पुसत असाव्यात.

दुकानात येऊन मी सगळ्या पाकिटांवरचं सूत खोडून मिलिमीटर लिहिलं. वासूशेठना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वरी एक व्हर्नियर घे दुकानासाठी." वरी म्हणजे 'आणि शिवाय' असं काहीतरी. मला परत लाकडाकडे पाठवण्याचा विचार त्यांच्या मनातसुद्धा नव्हता, हे मला तेव्हा समजलं. माझं घाबरणं मात्र सवयीचं आहे, ते जायला वेळ लागेल.

एक गोष्ट मनातून जात नाही. त्याआधी मी किती कार्डांत पाव सुताच्या जागी अर्धा सूत घातला असेल? काही लोक परत आले, भांडले, त्यांना मी हवेचं, धुळीचं, विजेचं कारण सांगितलं. काहींनी आवाजाची सवय करून घेतली असेल. त्यांच्या घरात कुणाची हाक बुडत असेल का, हे आता कोणाला विचारणार? त्यांच्या घरी खणात व्हर्नियर ठेवलेले आणि मला गाढव म्हणायची जिद्द असलेले सबनीस साहेब नव्हते.

युनिटचं भोक बुजवायला एका रविवारी गेलो. साहेबांनी बुजवू दिलं नाही. तिथे सागवानी जाळी बसवून घेतली, माझ्याकडून चारदा मोजून.

परवा जुलैत गौरीताईंचा फोन आला. नंबर बघून मीच आधी विचारलं.

"ताई, परत आवाज वाढला का?"

"अहो नाही, आवाज काहीच नाही, तीच तर पंचाईत आहे!" त्या वैतागल्या होत्या. "दर पाच मिनिटांनी हाक. पेपर सरकव, पडदा ओढ, चहात साखर कमी, तुझ्या चित्रातली खिडकी वाकडी आहे. वाक्यंच्या वाक्यं बोलतात आता. माझं काम सुचेना. बालाजी, खरं सांगा, तो पंखा थोडा वाढवता येईल का?"

मी हसलो. तेवढ्यात मागून, फोनवरही ऐकू येईल इतक्या ठणठणीत आवाजात साहेबांनी काहीतरी मागितलं.

"पप्पा, मोज म्हणताय की मोजे?" ताईंनी विचारलं.

"मोजे!" साहेब म्हणाले. "पाय गार पडलेत. गाढवाला नमस्कार सांग."